चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

कानात इयरफोन असू द्या, फक्त उजवा हात मोकळा करा. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं एकत्र आणा, बरणीतून मीठ उचलताना आणतो तशी. १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशातल्या एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांत कुणीतरी पायी चालत गेलं आणि तिथल्या आईला ही तीन बोटांची चिमूट शिकवून आलं. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. अर्धा शेर म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी. हे पाणी जुलाबानं सुकत चाललेल्या लेकराला पाजायचं.

आपल्याकडे याच जातीच्या औषधाला जलसंजीवनी म्हणतात. मेडिकलवर आपण ओआरएस म्हणून मागतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर अख्खा भाग? तर हो. कारण १९८० च्या आसपास जगात दरवर्षी पंचेचाळीस लाखांहून जास्त लहान मुलं जुलाबाच्या आजारांनी मरत होती. आणि औषध तर त्याआधी बारा वर्षं सापडलेलं होतं. मीठ, साखर, पाणी, इतकं स्वस्त. मग मुलं का मरत होती? मधल्या बारा वर्षांत ते औषध अडलं कुठं? गरीब देशात आरोग्यसेवा पोचवायची म्हणजे नक्की काय करायचं, हे मला तरी या गोष्टीतून जितकं कळलं तितकं कुठल्याच भाषणातून कळलं नाही. म्हणून आज ती सांगतो.

तहानेनं मारणारा आजार

सुरुवात कॉलऱ्यापासून करू. आपल्याकडे त्याला पटकी म्हणायचे. साथ आली की गावात म्हणायचे, मरीआईचा फेरा आला. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या शिवेवर मरीआईचं ठाणं आजही दिसतं, ते या भीतीचंच. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकी फुटायची आणि परतणाऱ्या माणसांबरोबर गावोगाव जायची.

हा आजार मारतो कसा? जंतू लहान आतड्यात जातात आणि तिथं एक विष सोडतात. हे विषाचं काम आहे, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली प्रयोगानं दाखवलं. त्या विषामुळे आतडं उलटं वागायला लागतं. शरीरातलं पाणी आणि क्षार आत ओढून घ्यायचे सोडून बाहेर टाकत सुटतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. धडधाकट माणसाच्या अंगातून दिवसभरात दहा लिटर पाणी जाऊ शकतं. डोळे खोल जातात, कातडी ओढली तर तशीच उभी राहते, आवाज बसतो. सकाळी शेतात गेलेला माणूस रात्रीपर्यंत संपलेला असतो. म्हणजे जंतू निमित्त होतो, माणूस जातो तो अंगातलं पाणी संपल्यामुळे.

मग गेलेलं पाणी परत भरायचं, झालं! हा विचार फार जुना आहे. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरनं पटकीच्या रोग्यांच्या शिरेतून मिठाचं पाणी चढवून पाहिलं होतं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत ही पद्धत सुधारत गेली. १९६० च्या दशकात ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेच्या दवाखान्यात वेळेत पोचलेला रोगी बहुतेक करून वाचायचाच.

पण ‘वेळेत पोचलेला’ हे शब्द नीट ऐका. सलाइनला बाटली लागते, निर्जंतुक पाणी लागतं, सुई लागते, शीर शोधणारा हात लागतो. एका रोग्याला कितीतरी बाटल्या लागतात. पूर्व बंगालचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिकडेतिकडे नद्या, पावसाळ्यात बेटं झालेली गावं, होडीशिवाय वाट नाही. बाटली शहरात, रोगी नदीपलीकडे. उपचार होता, पण ज्यांना पटकी व्हायची त्यांच्यासाठी तो असून नसल्यासारखा होता.

साखरेनं उघडलेलं दार

आता साधा प्रश्न. शिरेतून कशाला, तोंडानंच पाणी का नाही पाजायचं?

पाजून बघितलेलं होतं. नुसतं पाणी पाजलं तर ते तसंच खाली निघून जायचं. मीठ घालून पाजलं तरी तेच. म्हणून डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं की पटकीत आतडं निकामी झालेलं असतं, वरून ओतण्यात अर्थ नाही.

इथं दुसऱ्याच टोकाकडून मदत आली. १९६० साली प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञानं आतड्याच्या भिंतीबद्दल एक कल्पना मांडली. ग्लुकोज आणि सोडियम, म्हणजे साखर आणि मिठातला क्षार, हे दोघं एकाच दारातून जोडीनं आत जातात. साखर असली तर मीठ आत जातं, आणि मिठाच्या मागोमाग पाणी. गंमत अशी की पटकीच्या विषानं बाकी सगळा गोंधळ घातला तरी हे दार चालू राहतं. म्हणजे आतडं निकामी नव्हतंच. आपण चुकीच्या दारावर धडका मारत होतो.

१९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी, रफिकुल इस्लाम आणि माजिद मोल्ला या तिथल्या सहकाऱ्यांबरोबर, २९ रोग्यांवर हे करून पाहिलं. युक्ती हिशेबाची होती. पटकीच्या दवाखान्यातल्या खाटेला मध्ये भोक असतं आणि खाली बादली. बादलीत किती गेलं ते मोजायचं आणि तेवढंच साखर-मिठाचं पाणी तोंडानं परत द्यायचं. जास्त नाही, कमी नाही. सुरुवातीला अगदी गळाठलेल्या रोग्याला सलाइन लावावंच लागलं, पण नंतर लागणारं सलाइन ऐंशी टक्क्यांनी कमी झालं. त्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला.

एक नाव मात्र इथं घ्यायलाच हवं. याच लॅन्सेटमध्ये १९५३ साली कोलकात्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी लिहिलं होतं की सौम्य पटकीचे रोगी त्यांनी तोंडानं पाणी देऊन बरे केले. त्या पाण्यात ग्लुकोजही होतं. त्यांच्याकडे मोजमापं काटेकोर नव्हती, हे खरं. पण जगानं ते पुढे तपासूनही पाहिलं नाही. पंधरा वर्षं तशीच गेली.

बरं, १९६८ ला तर सापडलं ना? सापडलं. पण लगेच अट आली. हे सगळं दवाखान्यातच, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. बादली मोजायची, मिश्रण अचूक करायचं, हे अडाणी माणसाला कसं जमणार? औषध स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं होतं, पण त्याला स्वयंपाकघरात जायची परवानगी नव्हती.

बनगाव, १९७१

ती परवानगी कुणी दिली नाही. युद्धानं ती घ्यायला लावली.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी लष्करानं कत्तली सुरू केल्या. सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पावसाळा तोंडावर, छावण्यांत चिखल, पिण्याचं पाणी घाण. पटकी फुटली. पश्चिम बंगालमध्ये सीमेला लागून बनगाव आहे. तिथल्या दवाखान्यात जूनच्या अखेरीला दिलीप महालनबीस नावाचे बालरोगतज्ज्ञ पोचले. पटकीच्या रोग्यांसाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा. बाकीचे रोगी जमिनीवर. महालनबीस यांनी पुढे सांगितलंय की सलाइन लावायला त्या घाणीतच गुडघे टेकून बसावं लागायचं. आणि सलाइनचा साठा तर संपतच आला होता.

त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. पुस्तकात लिहिलंय तसं वागायचं आणि बाटली संपली की हात जोडायचे. नाहीतर ते पाणी लोकांच्या हातात द्यायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. कोलकात्याच्या संशोधन केंद्रात मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या भरल्या गेल्या. एक लिटर पाण्यासाठी बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. बनगावात ते पिंपात कालवायचे. पिंपाला तोटी. आणि मोठा निर्णय पुढेच आहे: पाजायचं काम नर्सकडे नव्हतं, रोग्याच्या माणसांकडे होतं. आई, भाऊ, बायको, जो कोण बरोबर असेल त्यानं पेला भरून आणायचा आणि पाजत राहायचं.

सुमारे ३,७०० रोगी तिथं हाताळले गेले. आधी त्या दवाखान्यात शंभरातले तीसेक दगावत होते. महालनबीस यांच्या हाताखालच्या खोल्यांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

तरीही जाणकारांची मान लगेच डोलली नाही. हा रीतसर प्रयोग नव्हता, तुलनेला दुसरा गट नव्हता, असं म्हणणं पडलं. पटकीच्या खोल्यांत पाणी असून ते न पाजलेला ‘दुसरा गट’ म्हणजे काय झालं असतं, याचा विचार तुम्हीच करा. लेख छापून आला तो १९७३ साली. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर धीमान बरुआ बनगावला येऊन हे डोळ्यांनी बघून गेले होते, त्यांनी पुढे आत राहून या उपचाराची बाजू लावून धरली. १९७८ ला संघटनेनं जुलाबाविरुद्ध जागतिक कार्यक्रम सुरू केला. त्याच साली लॅन्सेटनं संपादकीयात लिहिलं की हा कदाचित या शतकातला सगळ्यात मोठा वैद्यकीय शोध असेल. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर, २०२३ ला.

घरोघरी

आता आपण नव्या बांगलादेशात आलो. युद्ध संपलंय, देश उद्ध्वस्त झालाय. फझले हसन आबेद हे तेल कंपनीतले हिशेबतज्ज्ञ. त्यांनी लंडनमधला आपला फ्लॅट विकला आणि ईशान्येकडच्या सुल्ला भागात घरं उभारायचं काम सुरू केलं. त्यातून १९७२ साली ब्रॅक ही संस्था उभी राहिली.

१९७९ ला ब्रॅकनं ठरवलं की जुलाबाचं पाणी प्रत्येक घरात पोचवायचं. पुड्या वाटून? हिशेब केला तर कोट्यवधी पुड्या दरवर्षी लागणार. कारखाने, गोदामं, रस्ते, दुकानं, काहीच नव्हतं. पण मीठ सगळ्यांच्या घरात असतं. साखर नसली तरी गूळ असतो. म्हणून मिश्रण ठरलं: लबण-गूड, म्हणजे मीठ-गूळ.

इथं तज्ज्ञांची एक शंका होती आणि ती खोटी नव्हती. मीठ जास्त पडलं तर तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. मग अक्षर न येणारी आई मोजणार कशानं? चमचे घरोघरी वेगळे, भांडी वेगळी. उत्तर हातात सापडलं. तीन बोटांची चिमूट आणि एक मूठ. पाण्याचं माप नेहमीच्या भांड्यावर खूण करून. आणि हे बरोबर येतं का, ते मनानं ठरवलं नाही. बायकांनी केलेल्या मिश्रणाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले. शंका घेणाऱ्यांना वाटलं होतं त्याहून आयांचे हात पक्के निघाले.

मग कार्यकर्त्या निवडल्या. थोडंफार शिकलेल्या, बहुतेक खेड्यातल्याच बायका. चमूनं गावात मुक्काम करायचा आणि घरोघर जायचं. सभा नाही, लाउडस्पीकर नाही. एका आईसमोर बसायचं, लक्षात ठेवायचे दहा मुद्दे समजावायचे, नंतर ते कमी करून सात केले. जुलाब झाला की पाणी लगेच सुरू करायचं, अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही, असे ते मुद्दे. आणि शेवटी तिच्याकडून, तिच्याच भांड्यात, तिच्याच हातानं मिश्रण करून घ्यायचं. त्या काळात त्या देशात एकट्यादुकट्या बायका परक्या गावात फिरताहेत, यावरच किती ठिकाणी भुवया उंचावल्या असतील.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग सांगतो, पगाराचा. आपल्याकडच्या कुठल्याही मोहिमेत काय मोजतात? किती गावं झाली, किती जणींना शिकवलं, किती पत्रकं वाटली. रजिस्टर भरलं की काम झालं. ब्रॅकनं उलटं केलं. कार्यकर्ती गावातून गेल्यावर काही आठवड्यांनी दुसरा माणूस येऊन निवडक घरांत विचारायचा: बाई, काय शिकवलं होतं? करून दाखवा. आईला किती आठवतंय आणि मिश्रण किती जमतंय यावर गुण द्यायचे आणि त्या गुणांवर कार्यकर्तीचे पैसे. आईला सगळं येत असेल तर पूर्ण पैसे. काहीच येत नसेल तर त्या घराचे शून्य.

म्हणजे नापास व्हायची तर शिकवणारी. आई नाही. माझ्या मते या गोष्टीतला खरा शोध हा आहे. यात एक बोच आहे, तीही सांगतो. एका गरीब बाईची मजुरी दुसऱ्या गरीब बाईच्या आठवणीवर टांगलेली होती. ते सोपं नव्हतं. पण त्यामुळे एक गोष्ट घडली: समोरच्या आईला समजलं की नाही, याची गरज शिकवणारीला स्वतःला पडली.

शंभरातल्या सहा

आणि मग मोठा धक्का बसला. सुरुवातीची पाहणी झाली. आयांना पाठ होतं, मिश्रण जमत होतं. पण घरात मूल खरंच जुलाबानं आजारी पडलं तेव्हा ते वापरलं कितीजणींनी? शंभरात जेमतेम सहा.

बहुतेक संस्थांनी इथं काय केलं असतं? म्हटलं असतं, लोकांना कळत नाही, अंधश्रद्धा आहे. ब्रॅकनं लोकांना जाऊन विचारलं. तीन गोष्टी बाहेर आल्या.

पहिली, शब्दाची. कार्यकर्त्या म्हणत होत्या, ‘डायरिया’ झाला की हे पाणी द्या. पण गावातल्या बायकांच्या बोलण्यात पातळ शौचाचे चार प्रकार होते. अंगावरच्या दुधानं होतो तो वेगळा, अपचनाचा वेगळा, आवेचा वेगळा. आणि ‘डायरिया’ म्हणजे फक्त तो पटकीसारखा भयंकर. त्यामुळे आया सांगितलं तसंच वागत होत्या! भयंकर जुलाब झाला तर पाणी देत होत्या, इतर वेळी नाही. आपणसुद्धा हगवण, जुलाब, आव, अजीर्ण हे शब्द सारखे वापरत नाही. चूक आईची नव्हती, शब्द निवडणाऱ्याची होती.

दुसरी, पुरुषांची. घरात आजारी मुलाचं काय करायचं हे ठरवण्यात नवऱ्याचा शब्द चालायचा आणि त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग मशिदीत, बाजारात, शाळांत जाऊन पुरुषांशी बोलणं सुरू झालं. रेडिओवरही सांगायला लागले.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. कार्यकर्त्यांचाच विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्यातल्या अनेक जणी गोळ्या घ्यायच्या. मीठ-गुळाच्या पाण्यानं काय होतंय! मग त्यांना ढाक्याला बोलावून हे पाणी शरीरात काय काम करतं ते नीट समजावलं. साखरेनं उघडणारं ते दार त्यांनाही समजायला हवं होतं. त्यांना समजलं, पटलं, तेव्हा वापर हळूहळू वाढायला लागला.

एक अडचण तर औषधातच होती आणि आजही आहे. या पाण्यानं जुलाब थांबत नाहीत. मूल वाचतं, पण शौच चालूच राहतं. आईला दिसतं काय, तर पाजलं तरी उतार नाही. मग ती गोळी मागते. म्हणून ‘हे जुलाबाचं औषध’ असं सांगून भागत नाही. ‘गेलेलं पाणी परत भरायचं’ असं सांगावं लागतं. दोन वाक्यांतला फरक छोटा, पण त्यावर मुलाचा जीव अवलंबून.

१९९० पर्यंत एक कोटी वीस लाखांहून जास्त घरं झाली. दरम्यान तयार पुड्याही स्वस्त झाल्या आणि खेड्यातल्या टपरीपर्यंत गेल्या. आज बांगलादेशात कुणीही दुकानात ‘खाबार सॅलाइन’ मागतं, म्हणजे तोंडानं घ्यायचं सलाइन. २०१४ च्या तिथल्या राष्ट्रीय पाहणीत जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी ७७ जणांना ओआरएस मिळालं होतं. जगातले जुलाबानं होणारे बालमृत्यू आता वर्षाला साडेचार लाखांच्या खाली आलेत. याचं सगळं श्रेय या पाण्याला नाही. नळाचं पाणी, संडास, लसी, पोषण, सगळ्यांचा वाटा आहे. तरी ओआरएसनं वाचवलेले जीव पाच कोटींच्या पुढे असावेत असा अंदाज आहे.

आणि आपण?

आता आपल्या दारात येऊ. भारताची २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की आपल्याकडे जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी ६१ जणांना ओआरएस मिळतं. म्हणजे ३९ जणांना मिळत नाही. ज्या देशात बनगाव आहे, त्या देशात.

का? पुड्या नसतात म्हणून? डॉक्टरला महाग औषध लिहिण्यात फायदा म्हणून? २०२४ साली सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला. कर्नाटक आणि बिहारमधल्या अडीचशेहून जास्त गावा-शहरांत काही माणसं खोटे पालक बनून खासगी डॉक्टरांकडे गेली. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत, औषध द्या. निष्कर्ष असा निघाला की पुड्यांची टंचाई आणि पैशाचा लोभ यांचा वाटा लहान आहे. सगळ्यात मोठं कारण हे की डॉक्टरांना वाटतं, पेशंटला ओआरएस नकोच असतं. त्याला काहीतरी ‘स्ट्राँग’ हवं असतं. आणि जेव्हा पालकानं स्वतःहून ओआरएसचं नाव काढलं, तेव्हा डॉक्टरांनी ते बरंच जास्त वेळा लिहून दिलं.

आता सगळं ओळीनं लावून बघा. १९६८ ला म्हणत होते, रोग्याच्या माणसांना मोजता येणार नाही. बनगावात त्यांनी पाजलं आणि माणसं जगली. १९८० ला म्हणत होते, अडाणी आईला मिश्रण जमणार नाही. जमलं. २०२४ ला डॉक्टर समजतात, या माणसाला साधं औषध पटणार नाही. विचारलं तर पटतं. प्रत्येक वेळी औषध हाताशी होतं आणि अडलं ते समोरच्या गरीब माणसाला कमी समजण्यावर. ब्रॅकनं आंधळा विश्वास टाकला नव्हता, हेही विसरू नका. नमुने तपासले, परत जाऊन विचारलं, आकडा वाईट आला तेव्हा स्वतःकडे बघितलं. विश्वास ठेवायचा तर त्याची मेहनत अशी असते.

आपलीही सवय बघा ना. माझ्या आजोळी अंगात कणकण आली तरी शेजारपाजारचे सांगतात, जा, दोन बाटल्या चढवून घे. सुई टोचली की उपचार झाल्यासारखा वाटतो. ज्याला तोंडानं पाणी पिता येतं, त्यालाही बाटलीचाच धीर. पाचशे-सातशे रुपये जातात ते वेगळेच.

त्यात बाजारानंही गोंधळ घातला. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या नावानं वर्षानुवर्षं विकली गेली. साखर भरपूर, क्षारांचं प्रमाण भलतंच. असं पेय जुलाबात उलट त्रास वाढवू शकतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. त्यामुळे विकत घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा.

जाता जाता कामाचं सांगतो. आज घरी मीठ-गुळाचा अंदाज करत बसायची गरज नाही, पुडी सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळते. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पुडी घाला, अर्धी अर्धी नको. थोडं थोडं, घोट घोट पाजा. मुलाचं दूध, जेवण चालू ठेवा. डॉक्टर झिंकच्या गोळ्याही देतील, त्या पूर्ण करा. मूल मलूल पडलं, पाणी पोटात ठरत नसेल, लघवी होत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर घरी थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. सलाइन अशा वेळेसाठीच असतं.

आणि डॉक्टरांकडे गेलात की एक प्रश्न नक्की विचारा: डॉक्टर, ओआरएस देऊ का? त्या एका प्रश्नानं चिठ्ठी बदलते, हे अभ्यासात दिसलंय. हा भाग घरातल्या ग्रुपवर टाकलात तर ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना खास ऐकायला सांगा. भेटू पुढच्या भागात.